रकाने

देगलूरला डोळ्यांचं शिबिर होतं.
ऑपरेशन सरकारी दवाखान्यात, मुक्काम आमच्या शाळेत,
मोतीबिंदूची एकशे बारा माणसं, सेवेला एकोणीस,
आणि वही माझ्याकडं,
कारण वही नेहमी माझ्याकडंच असते.
एकतीस वर्षं लिपिक होतो मी इथं.
रकाने आखावेत तर मीच:
अनुक्रमांक, नाव, गाव, काम.

पहिल्या सकाळी कामं माणसं बघून वाटली,
म्हणजे न बघताच वाटली.
बाई दिसली की चहाला.
हणमंतराव कोटग्याळकर पेन्शनर, म्हणून नोंदणीच्या टेबलाला.
पोशट्टी अंगानं दांडगा, म्हणून फाटकाला.

दुपारपर्यंत सगळा विचका.
हणमंतरावांचा जन्म एसटीत उभ्यानं गेलेला,
खुर्चीवर त्यांच्या पायाला मुंग्या, अक्षर उताणं,
आणि पोशट्टी फाटकात उभा,
लाजेनं आपल्याच चपलांकडं बघत,
माणसं त्याच्या काखेखालून आत.
अनसूया टेकाळेनं चहात काय घातलं देव जाणे.
डॉक्टरांनी कप तसाच खिडकीत ठेवला.

"सर," ती म्हणाली, "घरी बी चहा नवराच करतो.
मी शिवणवाली हाय. सुईत दोरा ववायला सांगा,
अंधारात ववते."
दुसऱ्या दिवशी डोळ्यांवरच्या पट्ट्या कापायला ती बसली.
कापूस, जाळी, चिकटपट्टी. एक तसूभर वाकडी नाही.

हणमंतराव फाटकावर गेले, तिथून त्यांचा आवाज आला,
"चलाऽ, पुढं सरकाऽ, मुखेडवाले डावीकडं!"
आणि सगळी रांग
नकळत दांडी धरल्यासारखी सरकली.

पण एक सांगायचं राहिलं,
ते सांगायला नको वाटतं म्हणूनच राहिलं असेल.

संघरत्न गजभारे. वय तेवीस.
मी नाव लिहिलं, आडनाव लिहिलं,
आणि पुढच्या रकान्यात माझ्या पेनानं आपोआप लिहिलं
'झाडलोट'.
कुणी सांगितलं नव्हतं पेनाला.
पोरगा काही बोलला नाही, खराटा घेतला,
सातवी-ब चा वर्ग लख्ख झाडला,
मग खराटा भिंतीला टेकवून माझ्यासमोर उभा राहिला.
"झाडलं, सर. वर्ग घाण होता, झाडायलाच पायजे होता.
पण मी डी.फार्म. हाय. कुणाला कोणता थेंब किती वाजता,
ते बघायला तुमच्याकडं माणूस हाय का?"

नव्हता.

मी खोडलं. शाईचं खोडलेलं
मागच्या पानावर उमटतं, तसं उमटलंच.
मग पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला,
त्याला नाव काय द्यावं सुचेना,
शेवटी लिहिलं: 'विचारलं का?'

मुजीबला विचारलं. तो म्हणाला,
"आपल्याला कायच येत नै, सर,
टेनिसबॉलच्या मॅचीची कॉमेंट्री येती बस."
रात्री पट्टी बांधलेल्या माणसांत तो जाऊन बसला.
"हां तो, चिमणी पत्र्यावरून उडाली,
पंख्याला वळसा घालून खिडकीत,
डाक्टर साब आलेत, चष्मा पुसलालेत,
नवी चादर आली, निळी, काठ पांढरा."
बावीस माणसं कान देऊन बघत होती.
आणि पोशट्टी एकेका म्हाताऱ्याला
काखेत हात घालून मोरीपर्यंत न्यायचा,
हळू आवाजात, तेलुगूत, पायऱ्या मोजत:
ओकटी, रेंडू, मूडू.

शेवटच्या सकाळी पट्ट्या सुटल्या.
एका बाईनं आधी आपले हात बघितले, मग मला.
"तू काय करतूस रं इथं?"
"नावं लिहितो, बाई."
"मंग माझं नीट लिही.
समद्या कागदावर पोशाबाई हाय.
मी पोसानी."

लिहिलं. तिनं वही ओढून
बोट ठेवून पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला.
तरी बराच वेळ पाहत राहिली.

माझ्या नावापुढचा तो रकाना
अजून कोराच आहे.
मला कुणी विचारलेलं नाही,
आणि विचारलं तर काय सांगायचं
ते घरी जाताना
खराटा जागेवर ठेवत
मी ठरवत होतो.